सौर वीजनिर्मितीचा अंदाज चुकतो तेव्हा नेटवर्क मोठं करायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ५ मेगावॉटचा सौर प्रकल्प, दर १५ मिनिटांच्या निर्मितीच्या दोन वर्षांच्या नोंदी, जोडीला आवारातल्या हवामान केंद्राचं तापमान आणि इरेडिअन्स, म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारी सौर शक्ती. या सगळ्यावर तीन थरांचं एलएसटीएम, म्हणजे मागच्या नोंदी लक्षात ठेवत शिकणारं न्यूरल नेटवर्क, शिकवलं. चाचणीत आर-स्क्वेअर, म्हणजे अंदाज खऱ्या चढउतारांशी किती जुळतो ते सांगणारा आकडा (१ म्हणजे पूर्ण जुळणी), ०.९७ आला. पण प्रत्यक्ष कामाला लावल्यावर ढगाळ दिवशी उद्याचा अंदाज पार फसतो, आलेख नको तितका गुळगुळीत येतो, आणि तासाभराच्या अंदाजात तर तो खऱ्या निर्मितीच्या मागून एक पाऊल उशिरा चालताना दिसतो. आता थर वाढवावेत की ट्रान्सफॉर्मर (विजेचा नव्हे, न्यूरल नेटवर्कचा एक प्रकार) घ्यावा, असं तुम्ही विचारलं आहे.

निदान आत्ता तरी दोन्ही नको. उद्या दुपारी दोन वाजता ढग येणार आहेत, ही गोष्ट कालच्या निर्मितीच्या आकड्यांत कुठेच लिहिलेली नसते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नेटवर्क कितीही खोल केलं तरी जी माहिती त्याला दिलीच नाही ती ते काढून देऊ शकत नाही. मी गेली बारा वर्षं सौर प्रकल्पांचे अंदाज काढायचं काम करते आहे. या काळात अंदाज सुधारले ते बहुतेक वेळा मॉडेल बदलून नव्हे, तर मॉडेलला काय दिसतं आणि काय शिकायला सांगितलं जातं, ते बदलून. म्हणून तुमचा प्रश्न मी असा वाचते: अंदाज काढायच्या क्षणी तुमच्या हातात नेमकं काय असतं, आणि त्यातून नेटवर्कने काय शिकावं अशी तुमची अपेक्षा आहे?

पहिल्यांदा किती पुढचा अंदाज हवा ते ठरवा, कारण उत्तर त्यावर फिरतं. पुढच्या १५ ते ३० मिनिटांसाठी आत्ताची निर्मिती आणि आकाशाकडे लावलेला कॅमेरा उपयोगी पडतो. साधारण चार ते सहा तासांपर्यंत उपग्रहाची चित्रं कामी येतात. भूस्थिर उपग्रह दर १०-१५ मिनिटांनी चित्र देतात, त्यावरून ढगांची चाल मोजून ते पुढे सरकवता येतात. त्यापलीकडे, आणि उद्यासाठी तर नक्कीच, संगणकीय हवामान मॉडेलचा अंदाज लागतो. त्याला पर्याय नाही. तुम्ही एकाच नेटवर्ककडून तासाभराचा आणि उद्याचा, असे दोन्ही अंदाज मागताय आणि दोन्हींसाठी त्याला फक्त मागच्या नोंदी देताय. तासाभराच्या अंदाजाला त्या थोड्या तरी पुरतात. उद्याच्या अंदाजाला त्यांचा उपयोग जवळजवळ नाही.

आता त्या ०.९७ बद्दल. सूर्य रोज उगवतो, माथ्यावर येतो, मावळतो. निर्मितीतला बहुतेक चढउतार एवढ्यानंच होतो आणि आर-स्क्वेअर त्याचंच श्रेय मॉडेलला देतो. त्यात रात्रीचे शून्यही धरले असतील तर निम्मे गुण फुकट मिळाले. रात्रीच्या नोंदी मोजणीतून काढून टाका. चूक टक्क्यांत सांगायची तर ती प्रकल्पाच्या क्षमतेच्या टक्क्यांत सांगा. प्रत्यक्ष निर्मितीनं भागून काढलेली टक्केवारी सकाळ-संध्याकाळ भाजक शून्याकडे गेला की भरकटते. आणि तुलना कुणाशी तरी करा. माझी पहिली तुलना नेहमी स्मार्ट पर्सिस्टन्सशी असते: आत्ता निरभ्र आकाशाच्या मानाने जितका टक्का निर्मिती आहे, तितकाच टक्का पुढेही राहील, एवढंच तो धरतो. तुमच्या मॉडेलच्या आरएमएसईला, म्हणजे चुकांच्या वर्गांच्या सरासरीच्या वर्गमुळाला, त्याच्या आरएमएसईने भागा आणि एकातून वजा करा. तो आकडा शून्याच्या आसपास आला तर नेटवर्कने नवं काही शिकलेलं नाही. तुमचा अंदाज एक पाऊल मागून चालतो यावरून मला तसंच वाटतं. मागचा आकडा पुढे ढकलणं हा नेटवर्कला सापडलेला सर्वांत स्वस्त मार्ग असतो.

चाचणीसाठी नोंदी कशा वेगळ्या काढल्या ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण सगळ्या नोंदी एकत्र पिसून वीस टक्के बाजूला ठेवल्या असतील तर तो ०.९७ विसरा. दुपारी १:०० ची नोंद शिकण्यात आणि १:१५ ची चाचणीत असेल, तर मॉडेलला उत्तर जवळजवळ सांगितल्यासारखंच आहे. सलग काळ बाजूला ठेवा. पहिल्या वर्षावर शिकवा, पुढच्या महिन्यावर तपासा, तो महिना शिकण्यात घ्या, त्याच्या पुढच्यावर तपासा. असं करत गेलं की सगळे ऋतू चाचणीत येतात आणि मॉडेल भविष्य चोरून बघत नाही.

यानंतरचा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सूर्य कुठे असेल हे नेटवर्कला शिकवू नका. ते खगोलशास्त्राला आधीच माहीत आहे. अक्षांश, रेखांश आणि वेळ दिली की सूर्याची उंची अंशाच्या छोट्या भागापर्यंत अचूक काढता येते. बरेच जण त्याऐवजी घड्याळातला तास आणि महिना हे फीचर, म्हणजे मॉडेलला पुरवायची माहिती, म्हणून देतात. पण सूर्य माथ्यावर येण्याची वेळ वर्षभरात सुमारे अर्ध्या तासाने मागेपुढे होते, आणि पृथ्वी-सूर्य अंतर बदलल्यामुळे वातावरणाबाहेरचं प्रारण, म्हणजे सूर्याकडून येणारी ऊर्जा, जुलैपेक्षा जानेवारीत जवळपास ७ टक्के जास्त असतं. नेटवर्क हे सगळं दोन वर्षांच्या, ढगांनी मळलेल्या नोंदींतून चाचपडत शिकणार, आणि तेही अर्धवटच. त्याची सगळी ताकद तिथेच खर्च होते.

त्यापेक्षा निरभ्र आकाशात तुमच्या प्रकल्पातून प्रत्येक १५ मिनिटाला किती वीज निघाली असती, ते सूत्राने काढा. इनाइकेन आणि पेरेझ यांचं २००२ चं निरभ्र आकाशाचं मॉडेल पीव्हीलिब या मुक्त पायथन लायब्ररीत तयार मिळतं. त्याला सूर्याच्या उंचीखेरीज ठिकाणाची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि हवेतली धूळ-बाष्प दाखवणारा महिनावार टर्बिडिटीचा आकडा लागतो. मिळालेलं प्रारण तुमच्या पॅनेलच्या कलत्या पृष्ठभागावर आणा. पॅनेल सूर्यामागे फिरणारी असतील तर त्या यंत्रणेचा कोन घ्या. मग तापमानाची घट लावा. ही घट क्षुल्लक समजू नका: ऐन दुपारच्या कडक उन्हात वारा मंद असेल तर पॅनेलचा सेल हवेपेक्षा सुमारे ३० अंशांनी जास्त तापतो. हवा ३५ अंश असेल तर सेल ६५ अंशांच्या आसपास जातो. प्रमाणित चाचणी २५ अंशांवर होते आणि सिलिकॉनची शक्ती दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के घटते, म्हणजे तेवढ्यानेच बारा ते सोळा टक्के वीज गेली.

आता प्रत्यक्ष निर्मितीला या निरभ्र निर्मितीने भागा. जो गुणक मिळतो तो नेटवर्कचं लक्ष्य. निरभ्र दिवशी तो एकाजवळ सपाट राहतो, ढग आले की खाली येतो. जे शिकण्यासारखं आहे तेवढंच त्यात उरतं. अंदाज आला की परत निरभ्र निर्मितीने गुणायचं. दोन सावधगिऱ्या पाळा. सूर्य क्षितिजाजवळ असताना छोट्या आकड्याने भागल्यामुळे गुणक वेडावाकडा उडतो. मी सूर्याची उंची ५ अंशांच्या खाली असलेल्या नोंदी शिकण्यातून वगळते आणि तिथे साधा नियम वापरते. दुसरं म्हणजे, गुणक एकाच्या वर गेला म्हणून ती नोंद चुकीची समजून खोडू नका. पांढऱ्या ढगाच्या कडेवरून विखुरलेला प्रकाश थेट उन्हात मिसळतो तेव्हा काही मिनिटं प्रारण निरभ्र आकाशापेक्षा खरोखरच जास्त असतं.

या भागाकाराचा आणखी एक फायदा आहे. चुका निरभ्र, तुटक ढगांचे आणि पूर्ण ढगाळ अशा दिवसांत वेगवेगळ्या मोजा. निरभ्र दिवशीही चूक मोठी येत असेल तर तिचं खापर हवामानावर फोडता येत नाही. ती कोन, तापमान, पॅनेलवरची धूळ किंवा घड्याळ यांतून आलेली असते आणि ती दुरुस्त करता येते. एका प्रकल्पात रोज सकाळी अंदाज कमी आणि संध्याकाळी जास्त येत होता. आम्ही दोन आठवडे नेटवर्कची उलथापालथ केली. शेवटी निरभ्र दिवसांचे आलेख एकावर एक ठेवले तेव्हा दिसलं की नोंद करणाऱ्या यंत्रणेचा टाइमस्टॅम्प १५ मिनिटांच्या अखेरीचा होता आणि आम्ही तो सुरुवातीचा धरला होता. दिवसभराच्या बेरजेत ही चूक दिसतच नाही, म्हणून ती इतके दिवस लपून राहिली. तेव्हापासून कोणत्याही नव्या प्रकल्पात मी पहिल्यांदा दहा निरभ्र दिवस निवडते आणि सूत्राच्या आलेखावर ठेवून बघते. आणि सगळ्या वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतच साठवते.

आता हवामानाच्या अंदाजाकडे. तुमचं नेटवर्क शिकलं आवारातल्या सेन्सरने मोजलेल्या इरेडिअन्सवर. उद्याचा अंदाज काढताना उद्याचं मोजमाप कुठून आणणार? तिथे तुम्ही हवामान मॉडेलचा आकडा घालत असाल, तर नेटवर्कला अचानक वेगळ्याच भाषेत बोलल्यासारखं होतं. मोजलेल्या आकड्यावर त्याने पूर्ण विश्वास ठेवायला शिकलेलं असतं, आणि हवामानाच्या अंदाजावर तसा विश्वास ठेवायचा नसतो. हवामान मॉडेल ढग दाखवतं पण एक तास उशिरा दाखवतं, पातळ ढगांना जाड समजतं, सकाळचं धुकं चुकवतं. हे दोष नेटवर्कने शिकायला हवेत, आणि ते त्याला जुने अंदाज बघूनच शिकता येतील, म्हणजे त्या दिवशी, त्या वेळी प्रत्यक्ष प्रसिद्ध झालेले अंदाज. ईआरए५ सारखा पुनर्विश्लेषित, म्हणजे जुनं हवामान नंतर पुन्हा हिशेब करून काढलेला, डेटा १९४० पासून तासातासाचा मिळतो आणि मोह होतो, पण त्यात नंतर मिळालेली निरीक्षणं मिसळलेली असतात. त्याच्यावर शिकून अंदाजावर चालवलं तरी तोच घोटाळा. जुन्या अंदाजांचा साठा नसेल तर आजपासून रोजचा अंदाज जशाचा तसा जपून ठेवायला लागा. सहा महिन्यांनी तोच तुमचा सर्वांत मौल्यवान डेटा असेल.

हे आकडे वाचताना बरेच जण अडखळतात, म्हणून थोडं थांबते. युरोपीय हवामान केंद्राच्या (ईसीएमडब्ल्यूएफ) अंदाजात प्रारण अंदाजाच्या सुरुवातीपासून साठत गेलेल्या ज्यूलमध्ये येतं. लागोपाठच्या दोन वेळांची वजाबाकी करून मधल्या सेकंदांनी भागलं की वॉट मिळतात. जीएफएस या अमेरिकी हवामान मॉडेलमध्ये सरासरी मिळते, पण सरासरीची खिडकी दर सहा तासांनी नव्यानं सुरू होते, त्यामुळे दुसऱ्या तासाचा आकडा हा दोन तासांची सरासरी असतो. दोन्हीकडे आकडा मागच्या कालावधीचा असतो, त्या क्षणाचा नव्हे. आणि तासाच्या आकड्यांमधून १५ मिनिटांचे आकडे सरळ रेषा जोडून काढू नका. सकाळी सूर्य वेगाने वर चढत असताना ती रेषा चुकते. आधी तासाचा गुणक काढा, गुणकांमध्ये रेषा जोडा, मग प्रत्येक १५ मिनिटांच्या निरभ्र निर्मितीने गुणा. हवामान मॉडेलच्या नकाशातल्या तुमच्या जागेच्या नेमक्या चौकटीबरोबर आजूबाजूच्या चौकटींचे आकडेही द्या. ढग दहा-वीस किलोमीटर सरकला तर हवामान मॉडेलचा हिशेब चुकतो, पण शेजारच्या चौकटी बघून नेटवर्कला निदान कळतं की परिस्थिती डळमळीत आहे.

नोंदींची सफाई कंटाळवाणी असते, पण ती टाळून कुणाचंच भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. इन्व्हर्टरच्या क्षमतेपेक्षा पॅनेल जास्त बसवलेली असतील तर दुपारी आलेखाचा माथा कापला जातो. ते नेटवर्कने शिकायची गरज नाही, अंदाज काढून झाल्यावर वरची मर्यादा लावा. ग्रिडच्या सांगण्यावरून निर्मिती कमी केलेल्या वेळा, बंद पडलेले इन्व्हर्टर आणि संपर्क तुटल्यामुळे तासभर तोच तो राहिलेला आकडा, हे सगळं शिकण्यातून बाजूला काढा. नाहीतर नेटवर्क भर उन्हात वीज घटण्याचं कारण ढगांमध्ये शोधत बसतं. एकूणपैकी किती टक्के इन्व्हर्टर चालू आहेत हा आकडा स्वतंत्र ठेवा आणि अंदाजाला शेवटी त्याने गुणा.

एवढं झाल्यावर मग नेटवर्क. दोन वर्षांत १५ मिनिटांच्या सुमारे ७०,००० नोंदी होतात आणि हा आकडा बघून मोठं नेटवर्क घ्यावंसं वाटतं. पण लागोपाठच्या नोंदी एकमेकींच्या बहिणी असतात. उद्याच्या अंदाजाच्या दृष्टीने तुमच्याकडे ७३० दिवस आहेत, आणि त्यातलेही अवघड दिवस थोडेच. तीन थरांचं एलएसटीएम ते सहज पाठ करून टाकतं. अशा एका प्रकल्पासाठी मी पहिल्यांदा ग्रेडियंट बूस्टिंग लावते, म्हणजे निर्णयांची छोटी झाडं एकामागून एक जोडत आधीची चूक कमी करणारी पद्धत. ही सवय माझ्या एकटीची नाही. २०१४ च्या जागतिक ऊर्जा अंदाज स्पर्धेत सौर विभाग जिंकणाऱ्यांनीही ग्रेडियंट बूस्टिंग आणि सर्वांत जवळचे शेजारी, म्हणजे सारख्या जुन्या नोंदी, शोधण्याची पद्धत वापरली होती. न्यूरल नेटवर्कच हवं असेल तर दोन लहान थर, भरपूर ड्रॉपआउट (शिकताना नेटवर्कचे काही भाग मुद्दाम बंद ठेवणं), शिकणं वेळीच थांबवणं, आणि वेगवेगळ्या सुरुवातींपासून शिकवलेल्या आठ-दहा नेटवर्कची सरासरी. त्या सरासरीतून जेवढं मिळतं तेवढं थर वाढवून क्वचितच मिळतं.

गुळगुळीत आलेखाचं तुमचं दुखणं मात्र वेगळं आहे आणि ते पूर्ण जाणार नाही. चुकांचा वर्ग कमी करायला सांगितलं की नेटवर्क सगळ्या शक्यतांची सरासरी देतं. ढग दोनला येईल की तीनला हे नक्की नसेल तर दोन ते तीन या वेळात अर्धवट निर्मिती सांगणं, हे त्याच्या दृष्टीने बरोबर उत्तर असतं, मग प्रत्यक्षात तशी निर्मिती कधीच होणार नसली तरी. आलेख मुद्दाम खडबडीत केला तर आरएमएसई वाढेल. त्यापेक्षा एका आकड्याऐवजी पट्टा मागा. पिनबॉल लॉस ही चूक मोजायची पद्धत वापरून १०, ५० आणि ९० टक्क्यांचे क्वांटाइल, म्हणजे निर्मिती तितके टक्के वेळा ज्यांच्या खाली राहील अशा रेषा, शिकवा. निरभ्र दिवशी पट्टा अरुंद येईल, तुटक ढगांच्या दिवशी रुंद. नंतर नोंदी मोजून बघा: ९० टक्क्यांच्या रेषेखाली खरोखर साधारण ९० टक्के वेळा निर्मिती राहिली का? राहिली नसेल तर पट्टा खोटा आहे आणि तो दुरुस्त करायला हवा. अंदाज वापरणाऱ्याला जास्त सांगितल्याचा तोटा होतो की कमी सांगितल्याचा, त्यावरून यातली कोणती रेषा कळवायची ते ठरतं. तो निर्णय नेटवर्कवर सोडू नका.

काही गोष्टी मात्र तुमच्या जागेवरच अवलंबून आहेत. कोरड्या प्रदेशात स्मार्ट पर्सिस्टन्सला हरवणं कठीण असतं, कारण तिथे बरेच दिवस सारखेच असतात. तिथे ढगांपेक्षा धूळ जास्त छळते. जिथे दुपारी ढग उभे वाढतात तिथे उद्याचा अंदाज कुणाचाच फार नेमका येत नाही. एकाच आवारातला प्रकल्प असल्यामुळे एक ढग तुमची सगळी पॅनेल झाकू शकतो. पन्नास ठिकाणी विखुरलेल्या प्रकल्पांच्या बेरजेत तो चढउतार विरून जातो. म्हणून दुसऱ्याच्या लेखात चूक किती टक्के आली ते तुमच्या टक्क्याशी ताडून बघू नका. आणि वर्षानुवर्षांतून एकदा येणाऱ्या गोष्टी नेटवर्कच्या भरवशावर ठेवू नका. २० मार्च २०१५ च्या ग्रहणात युरोपातली सौर निर्मिती निरभ्र ठिकाणीही खाली आली आणि लगेच वर गेली. ग्रहणाची वेळ आणि झाकोळ आधीच माहीत असतो, तो निरभ्र निर्मितीच्या सूत्रातच घालायचा.

ट्रान्सफॉर्मर, किंवा चित्रं वाचणारी नेटवर्क, यांची वेळ येते ती वेगळ्या परिस्थितीत. तुमच्याकडे पुष्कळ प्रकल्पांचा डेटा असेल आणि एकाच मॉडेलने सगळे शिकायचे असतील, उपग्रहाची सलग चित्रं द्यायची असतील, किंवा हवामान मॉडेलचा अख्खा नकाशा वाचायचा असेल, तर न्यूरल नेटवर्क जे करतं ते ग्रेडियंट बूस्टिंगसारख्या झाडांच्या मॉडेलला जमत नाही. तासाभराचा अंदाज सुधारायला उपग्रहाचा डेटा मिळवलात तर तिथे माझी पहिली पसंती नेटवर्कलाच असेल. पण एका प्रकल्पाच्या आकड्यांच्या तक्त्यावर आज ट्रान्सफॉर्मर लावलात तर तो तेच ७३० दिवस आणखी चांगले पाठ करेल.

मॉडेलला हात लावण्याआधी दोन आकडे काढून मला सांगा: निरभ्र दिवसांवरची तुमची आत्ताची चूक, आणि स्मार्ट पर्सिस्टन्सची त्याच चाचणी-काळातली चूक. रात्र वगळून, क्षमतेच्या टक्क्यांत. पॅनेल स्थिर आहेत की फिरती, आणि हवामानाचा अंदाज कुठून घेता, तेही लिहा. मग तुमच्या प्रकल्पाबद्दल याहून नेमकं सांगता येईल.